साहेबांच्या पोटाचा चार्ज

गोमाजीच्या डाव्या खांद्यावर बॅग दिसली आणि हेडक्लार्क गावंडे यांनी समोरची फाईल मिटली.

"डावा," ते म्हणाले. "आज काही खरं नाही."

टाइपरायटर थांबला. कोपऱ्यातले दोघं चहाला उठले. मी माझा अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनकडे निघाले होते, ती अर्ध्यातून माघारी फिरले. साल सत्त्याऐंशी, मे महिना, गाव पुसद. पंख्याखालचा प्रत्येक कागद दगडाखाली ठेवावा लागायचा.

खात्याचं नाव सांगत नाही. माझी पेन्शन अजून तिथूनच येते.

आमचे बोधनकर साहेब कचेरीच्या मागच्याच बंगल्यात राहायचे. रोज साडेदहाला त्यांचा शिपाई गोमाजी त्यांची चामडी बॅग घेऊन पुढे यायचा आणि दहा मिनिटांनी साहेब. साहेबांना बद्धकोष्ठाचा जुना त्रास होता. पोट साफ झालेल्या दिवशी ते माणसासारखे वागायचे, सह्या करायचे, क्वचित "बसा" असंही म्हणायचे. नाही झालं, तर दिसेल त्या फाईलवर 'चर्चा करावी' असा शेरा मारायचे, आणि चर्चेला गेलेल्या माणसाला हाकलून द्यायचे. म्हणून गोमाजीने खूण ठरवली होती. बॅग उजव्या खांद्यावर म्हणजे झालं, डाव्या खांद्यावर म्हणजे नाही. हातात लोंबत असली, तर थोडंसं. समोरच्या टपरीवर तालुक्यातली माणसं चहा घेत खांदा बघायची आणि अर्ज द्यायचा की परतीची एसटी धरायची, ते ठरवायची. एवढा पारदर्शक कारभार मी नंतर कुठल्या कचेरीत पाहिला नाही.

त्या मे महिन्यात बॅग उजव्या खांद्यावर आलीच नव्हती. आणि मला एका सहीची गरज होती.

माझी बदली झाली होती. फलटणला. वरून हुकूमही आला होता. पण सरकारात वरून हुकूम आला म्हणून कोणी हलत नसतं. इथल्या साहेबांनी 'कार्यमुक्त करण्यात येत आहे' असं लिहून सही केली, तरच सुटका. एकतीस मेपर्यंत हजर न झाल्यास हुकूम रद्द समजावा, असं शेवटच्या ओळीत स्पष्ट म्हटलं होतं. माझ्यामागे तिघंजण त्या जागेवर डोळा ठेवून होते.

फलटणला माझे यजमान शाळेत शिक्षक होते, सासूबाई होत्या आणि माझी मुलगी रेवती होती. रेवती दोन वर्षांची असताना मला पुसदला यावं लागलं, तेव्हा ती सासूबाईंकडेच राहिली. आता चार वर्षांची झाली होती. दिवाळीत मी गेले तर आजीच्या पदराआडून बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आई आलीय." तर ती म्हणाली, "पुसदची आई?" घरातली सगळी हसली, मीही हसले. रात्रीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून पुसदपर्यंत रडत आले.

म्हणून आता मी गोमाजीला खोदून विचारलं.

"गोमाजी, साहेब खातात तरी काय?"

गोमाजी बॅग टेकवून पायरीवर बसला. "काय खातीन मॅडम. सकाळी उठले का चा. मंग पेपर, मंग अजून चा. साबुदाना नाई तं डबलरोटी. जेवणात आलूची भाजी आन् भात. पालाभाजी ताटात दिसली का म्हणते, मी काय बकरी हाओ का."

"आणि पाणी?"

"पानी नाई पित. दौऱ्यावर जीप थांबवा लागते म्हणते."

"आणि सकाळी कळ येते तेव्हा?"

गोमाजीने इकडेतिकडे बघितलं. बाईमाणसाशी हे बोलावं की नाही, असा विचार करत असावा. पण कचेरीच्या हिताचा प्रश्न होता.

"येते ना. नऊ वाजता येते. पन नऊ वाजता सायेब पेपरातली बदल्यांची बातमी वाचत असते. मंग म्हणते, थोड्या वेळानं. थोड्या वेळानं ते जाऊन बसते, अर्धा घंटा, पेपर घेऊन. तवा काईच नाई. मंग चूर्न. आदी एक चमचा होतं, आता तीन झाले."

मला त्या क्षणी आमचे साहेब पूर्ण समजले. कळ दारात येऊन उभी राहायची आणि साहेब तिला सांगायचे, उद्या या. कचेरीत आम्हाला सांगत होते, तेच.

आणि मला रेवतीचा कागद आठवला. रेवतीला वर्षादीडवर्षाची असताना हाच त्रास झाला होता. फलटणच्या मुलांच्या डॉक्टर बाईंनी औषध न देता एक कागद लिहून दिला होता. सकाळी कोमट पाणी, भिजवलेल्या मनुका, पपई, भाज्या हळूहळू वाढवायच्या, एकदम नाही. खाणं झालं की दहा मिनिटं बसवायचं, रोज त्याच वेळी. पायाखाली पाट ठेवायचा. घाई करायची नाही, रागवायचं नाही. खेळायला सोडायचं. झालं की शाबासकी द्यायची. तीन आठवड्यांत रेवती ठणठणीत झाली होती. तो कागद माझ्या ट्रंकेत होता.

पण हे साहेबांना सांगणार कसं? बायकोने सांगून ऐकलं नसेल, डॉक्टरांनी सांगून ऐकलं नसेल. आवक-जावक विभागातल्या एका क्लार्क बाईने तोंडी सांगितलं असतं, तर माझी बदली फलटणऐवजी गडचिरोलीला झाली असती. साहेब ज्या एकाच गोष्टीपुढे मान तुकवायचे, ती म्हणजे रीतसर सादर झालेला कागद.

मी टिपणी तयार केली. रेवतीच्या कागदावरून जशीच्या तशी. फक्त जिथे 'बाळाला' होतं, तिथे 'अधिकारी महोदयांना' केलं. 'बाळाला रागवू नये' याचं 'अधिकारी महोदयांनी या कालावधीत प्रक्षुब्ध होऊ नये' असं झालं. 'खेळायला सोडावे' याचं 'सायंकाळी पाऊण तास पायी फिरती करावी'. 'झाल्यावर शाबासकी द्यावी' हे वाक्य मात्र बराच वेळ जमेना. शेवटी लिहिलं, 'उद्दिष्ट साध्य झाल्यास समाधान व्यक्त करण्यात यावे.' विषय म्हणून लिहिलं: 'मा. साहेबांच्या प्रकृतिस्वास्थ्याबाबत.' खाली 'मान्यतेस्तव सादर' आणि माझी सही, शैलजा भोईटे, कनिष्ठ लिपिक.

गावंडे यांनी वाचली आणि चष्मा काढून पुसला.

"मॅडम, हे काय करून राहिले तुम्ही? तुमची नोकरी जाईन."

"तुमच्यामार्फत जायला हवी. इथे तुमची सही लागते."

"माझीही जाईन."

"भाऊसाहेब, तुमच्या मुलीच्या लग्नाच्या रजेचा अर्ज कधीपासून आत आहे?"

गावंडे यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग पेन काढलं आणि सही केली. खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'सहमत, परंतु आग्रह नाही.'

टिपणी आत गेली त्या दिवशी बॅग लोंबत आली होती. दुपारभर केबिनमधून आवाज आला नाही. साडेचारला फाईल बाहेर आली. समासात हिरव्या शाईने साहेबांचं टपोरं अक्षर होतं. 'मुद्दा ३: पपई कच्ची की पिकी? खुलासा करावा. मुद्दा ५: पाटाची उंची नमूद नाही. मुद्दा ६: वेळ कोणी निश्चित केली? फेरसादर करावे.'

मी गावंडे यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. फाईल फेकलेली नव्हती. शंका विचारल्या होत्या. सरकारी नोकरीत याला प्रेम म्हणतात.

मी खुलासा केला. पपई पिकी. पाट वीतभर उंच. वेळ नैसर्गिक कळ जी येते तीच, म्हणजे सकाळी नऊ, तीत बदल प्रस्तावित नाही. मात्र त्या वेळी वर्तमानपत्र हाती नसावे. दुसऱ्या दिवशी फाईल परत आली. 'मान्य. अंमलबजावणी श्रीमती भोईटे यांनी पाहावी व दैनंदिन अहवाल ठेवावा.'

असं ते पोट माझ्या टेबलावर आलं.

मी एक वही घातली आणि रकाने आखले. पाणी, फळ, भाजी, फिरणं, निष्पत्ती. सकाळी गोमाजी बंगल्यावरून येऊन माहिती द्यायचा आणि मी लिहायची. संध्याकाळी मी चिठ्ठी पाठवायची: उद्या डबलरोटी बंद, ज्वारीची भाकरी, चहा दोनच, पेरू बियांसकट खावा. साहेब चिठ्ठी परत पाठवायचे, खाली 'पाहिले' अशी सही करून. समोरासमोर आमचा या विषयावर एक शब्द झाला नाही. केबिनमध्ये गेले की ते छताकडे बघायचे आणि मी पेपरवेटकडे.

पहिले चार दिवस डावा खांदा. साहेबांनी समासात लिहिलं, 'प्रगती असमाधानकारक.' मी लिहिलं, 'जुने प्रकरण आहे, सवड द्यावी.' पाचव्या दिवशी लोंबती. सातव्या दिवशीही लोंबती, पण गोमाजी हसत होता.

त्याच दिवशी दुपारी साहेबांची बायको, कुमुदिनी वहिनी, कचेरीत आल्या. सहसा यायच्या नाहीत. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, हातात पेरूंची पिशवी. माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसल्या.

"तुम्हीच ना भोईटे बाई? ती वही बघू."

मी वही दिली. त्यांनी पानं उलटली, मग टिपणीची प्रत वाचली, अगदी शेवटच्या समाधानापर्यंत.

"हे लहान मुलाचं आहे," त्या म्हणाल्या.

"हो. माझ्या मुलीचं. तुम्ही कसं ओळखलंत?"

"तीन पोरं वाढवलीत मी." त्या हसल्या नाहीत, पण तोंड बंद ठेवायला त्यांना कष्ट पडत होते. "बाई, यातला एकूण एक मुद्दा मी लग्नाच्या पहिल्या वर्षी यांना सांगितला होता. पाणी प्या, पालेभाजी खा, कळ आली की उठा. सव्वीस वर्षं सांगतेय. माझं चुकलं काय माहितेय? मी तोंडी सांगितलं."

त्यांनी पेरू माझ्या टेबलावर ठेवले आणि निघून गेल्या.

अकराव्या दिवशी, बावीस मेला, गोमाजी फाटकातून आत आला आणि बॅग उजव्या खांद्यावर होती. टपरीवरून कोणीतरी शीळ घातली. गावंडे यांनी उभं राहून दोन्ही हात जोडले, कुणाला ते सांगता येणार नाही. साहेब आले ते सगळ्यांकडे बघत आले. "आज उकाडा आहे," असं म्हणाले. साहेब स्वतःहून हवेबद्दल बोललेले कोणी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर रोज उजवा खांदा. गावंडे यांची रजा मंजूर झाली. गोमाजीचा दोन वर्षं अडकलेला गणवेश मंजूर झाला. तालुक्यातल्या माणसांची गर्दी एवढी वाढली, की टपरीवाल्याने दुसरा स्टो घेतला. माझ्या जागेवर यायचा होता तो वानखडे नावाचा मुलगाही हजर झाला, शिकून तयार झाला. मी फलटणला पत्र टाकलं, रेवतीला सांगा, आई येतेय.

सत्तावीस तारखेला माझा अर्ज घेऊन मी आत गेले. साहेबांच्या टेबलावर तांब्याभांडं होतं. भांडं रिकामं होतं. मला बरं वाटलं.

"बसा," साहेब म्हणाले. अर्ज वाचला. बाजूला ठेवला. "बदली कर्मचारी हजर झाल्याशिवाय कार्यमुक्त करता येणार नाही."

"वानखडे हजर झाले साहेब. टेबल त्यांच्या ताब्यात दिलं."

"टेबलाचं म्हणत नाही मी." साहेब छताकडे बघू लागले. "ही जी... व्यवस्था. तुम्ही लावलेली."

"साहेब, ती तर कागदावर आहे सगळी. कोणीही पाहील."

"कोणीही म्हणजे कोण? जबाबदारी निश्चित नको? वानखडे अविवाहित आहे. गावंडे यांच्यावर माझा या बाबतीत विश्वास नाही." साहेबांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला, आणि त्याचीच मला भीती वाटली. "बाई, इतक्या वर्षांनी मला बरं वाटतंय. सकाळी उठावंसं वाटतं. तुम्ही गेलात की पुन्हा तेच. पुढच्या वर्षी बघू आपण. मी तुमची जोरदार शिफारस करीन."

"साहेब, माझी मुलगी चार वर्षांची आहे."

"मुलं काय, वाढतात," साहेब म्हणाले आणि अर्जावर हिरव्या शाईने लिहिलं, 'तूर्त प्रलंबित.'

बाहेर येऊन मी माझ्या जुन्या टेबलाकडे बघत उभी राहिले. तिथे वानखडे बसला होता. मला बसायला खुर्चीसुद्धा उरली नव्हती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. साहेबांचं पोट बिघडलेलं राहिलं असतं, तर एखाद्या लोंबत्या दिवशी चिडून तरी 'जा एकदाच्या' म्हणून सही केली असती. मीच ते दुरुस्त केलं. संताप साहेबांचा येत नव्हता तेवढा स्वतःचा येत होता. पपई मीच पाठवली होती, बाजारातून निवडून.

मी बंगल्याच्या मागच्या दाराने गेले. वहिनी मेथी निवडत होत्या. मला बघून त्यांनी दुसरा पाट सरकवला. मी बसले आणि काही सांगायच्या आधीच रडू फुटलं. रडता रडता मेथीही निवडली. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "नेमकं काय म्हणाले? शब्द काय वापरला?"

"बदली कर्मचारी हजर झाल्याशिवाय नाही."

"असं." त्यांनी हात झटकले. "म्हणजे माणूस मिळाला, की त्यांची हरकत संपली."

"पण माणूस कुठून आणू?"

"तुमच्यात चार्ज देताना कागद करतात ना? तो घेऊन या. उद्या, कचेरीच्या वेळात. सगळ्यांसमोर."

मी संध्याकाळी बसून चार्जची यादी केली. चार प्रती, मध्ये तीन कार्बन. 'कार्यभार देणार: श्रीमती शैलजा भोईटे. कार्यभार स्वीकारणार:' पुढे जागा सोडली. खाली चौदा बाबी. कोमट पाणी दोन भांडी, सकाळी सहा. मनुका वीस, रात्री भिजत घालाव्यात. पाट एक, लाकडी, वीतभर. वही एक, आजपर्यंत भरलेली. प्रलंबित प्रकरणे: निरंक.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या त्या ठेवणीतल्या साडीत. सरळ केबिनमध्ये गेल्या, मागून मी, आणि दार उघडंच ठेवलं. बाहेर टाइपरायटर थांबला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"मी हजर झाले," वहिनी म्हणाल्या. "बदली कर्मचारी."

साहेबांनी यादी हातात घेतली. वाचली. सवयीने पेन उघडलं आणि पहिल्याच ओळीशी थांबले.

"कार्यभार स्वीकारणाऱ्याचं पदनाम लिहिलेलं नाही."

"पत्नी," वहिनी म्हणाल्या. "लिहा बाई."

मी लिहिलं.

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "अहो, पण हे पद मंजूर आहे का?"

"एकोणीसशे एकसष्टपासून."

बाहेर गावंडे यांना खोकल्याची उबळ आली. साहेबांनी दाराकडे बघितलं. दारात गोमाजी, त्याच्यामागे वानखडे, त्याच्यामागे दोन शेतकरी, जे खरं तर मोजणीच्या नकाशासाठी आले होते. साहेब यादी पुन्हा वाचू लागले. मला माहीत होतं ते काय शोधतायत. चूक शोधत होते. चार प्रतींमध्ये चौदा बाबी, एकही खाडाखोड नाही. चूक असलेला कागद साहेब महिनोन्‌महिने अडवायचे, पण बिनचूक कागद अडवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. एवढं एक त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

वहिनींनी सही करायला पेन घेतलं. मग मला विचारलं, "बाई, यात 'किती काळासाठी' असा रकाना नाही का?"

"नाही वहिनी. नमुन्यातच नाही. पुढचा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत."

"पुढचा माणूस," त्या म्हणाल्या. थोडा वेळ पेन कागदावर टेकवून धरलं. "तुमची बदली झाली बाई. चांगलं झालं." आणि चारही प्रतींवर सही केली. चौथी प्रत घडी घालून कमरेला खोचली.

साहेबांनी माझ्या अर्जावरचं 'तूर्त प्रलंबित' खोडलं आणि खाली लिहिलं, 'कार्यमुक्त.' हिरवी शाई वाळेपर्यंतही मी थांबले नाही.

एकोणतीसच्या सकाळी एसटी कचेरीवरून गेली, तेव्हा गोमाजी फाटकातून आत शिरत होता. नवा गणवेश घातला होता. त्याने गाडी बघितली, बॅगेला हात लावला आणि उजवा खांदा वर करून दाखवला.

तीसला मी फलटणला हजर झाले. रेवतीने पहिले आठ दिवस मला 'अहो आई' म्हटलं, मी सासूबाईंना म्हणायचे ते ऐकून. नवव्या दिवशी ताप आला तेव्हा माझ्याच मांडीवर येऊन झोपली. त्या रात्री मला वाटलं, आता आयुष्यात कुणाकडे काही मागायला नको.

मग सोळा वर्षं गेली. रेवती पुण्याला शिकायला गेली, सासूबाई गेल्या, यजमान निवृत्त झाले, माझी नोकरी अजून चालू होती. साहेब निवृत्त होऊन नागपूरला स्थायिक झाल्याचं गावंडे यांच्या पत्रातून कळलं होतं. वहिनींचं पत्र कधी आलं नाही, मीही लिहिलं नाही. एका रविवारी टपालाने जाड पाकीट आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता दापोलीचा.

आत ती चौथी प्रत होती. कार्बनची शाई फिकट झाली होती, पण माझं अक्षर वाचता येत होतं. खालच्या कोऱ्या जागेत वहिनींनी रकाना आखला होता, पट्टी लावून.

'कार्यभार देणार: सौ. कुमुदिनी बोधनकर. कार्यभार स्वीकारणार: श्री. बोधनकर (स्वतः).'

त्यापुढे साहेबांची सही. हिरव्या शाईत. निवृत्तीनंतर हिरवी शाई वापरायची नसते, पण बाटली उरली असेल. सहीखाली त्यांचा शेरा होता: 'चार्ज मिळाला. मनुका वीस मोजून घेतल्या. वही नवीन घातली आहे.'

सोबत एक चिठ्ठी. 'शैलजाबाई, मी धाकट्या बहिणीकडे दापोलीला आले आहे. तीन महिने राहीन, जास्तही राहीन. ते रोज सकाळी साडेनऊला फोन करून झालं की नाही ते सांगतात. मी विचारत नाही. पुढचा माणूस शोधण्यात सोळा वर्षं घालवली. तो घरातच होता.'

मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि एकटीच मोठ्याने हसले. ओसरीवरून यजमानांनी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. पुसदचं पत्र."

"बरं. अगं, माझी सकाळची गोळी कुठली? पांढरी की गुलाबी? आणि आंघोळीचं पाणी काढलंस का? आणि तो चष्मा..."

"आलेच," हा शब्द माझ्या ओठांवर आला. याच माणसाजवळ यायला मी एका अधिकाऱ्याला पपई खायला घातली होती, आणि ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण पांढरी की गुलाबी हे मी रोज सांगत होते, तोंडी.

मी टेबलाचा खण उघडला. कार्बनचे तीन तुकडे तळाशी होते, वापरलेले, पण अजून एकदा चालले असते. चार कागद घेतले, नीट जुळवले.

"ऐकलंस का?" ओसरीवरून पुन्हा आवाज आला.

ऐकलं होतं. मी पट्टी घेतली आणि आधी समास आखला.